वलगणीची वाट

जव्हार-मोखाड्यावर लिहायचं म्हटलं की विषय ठरलेले असतात. वावर-वांगणीचे १९९२ सालचे बालमृत्यू, उन्हाळ्यातले टँकर, कामासाठी ठाणे-भिवंडीकडे उतरणारी कुटुंबं, वारली चित्रं, मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आणि हल्ली रील्सच्या कृपेने दाभोशाचा धबधबा. मासा या यादीत नाही. पालघर जिल्ह्यातला मासा म्हणजे सातपाटीचा पापलेट नाही तर डहाणूचा बोंबील. डोंगरावरच्या या दोन तालुक्यांना तो भेटतो आठवडी बाजारातल्या सुकटीच्या ढिगात.

मृगाचा पहिला दणका पडून ओढे गढूळ वाहू लागले की मात्र चित्र पालटतं. रात्री खाचरांच्या बांधांवर बॅटऱ्या फिरू लागतात. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, सगळेच पाण्यात. कोणाच्या खांद्यावर पाग, कोणी बांधाच्या फटीला तोंडाशी रुंद आणि शेवटी निमुळता बांबूचा सापळा लावलेला, कोणाकडे नुसती पाटी. पोरं तर हातानेच मासे उपसतात. नदीतले मासे प्रवाहाच्या उलट ओढ्यात आणि ओढ्यातून भाताच्या खाचरात चढत असतात. वलगण लागलेली असते. खवली, मळे, मुरी, शिंगटी, वाम, मरळ, जे सापडेल ते. बहुतेकांचं पोट गाभोळीने तट्ट फुगलेलं. दहा-पंधरा दिवसांचा हा मामला. मग पाऊस लावून धरतो, आवणीची घाई सुरू होते आणि मासे विसरले जातात.

तिन्हीसांजेला वलगणीच्या माशांचं कालवण रटरटत असताना हे मासे आधीचे आठ महिने होते कुठे, असा प्रश्न कोणाला पडत नाही. पडायला हवा. कारण मार्च-एप्रिलमध्ये याच ओढ्याच्या पात्रातून चप्पल न भिजवता चालत जाता येतं.

हा सगळा मुलूख काळ्या बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला. पाऊस अडीच ते तीन हजार मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ चौपट, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. दगडात मुरायला जागा कमी आणि उतार अंगावर येणारा. त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेली गोदावरी पूर्वेकडे १४६५ किलोमीटर रमतगमत जाते. त्याच परिसरात उगम पावणारी वैतरणा दीडशेएक किलोमीटरमध्ये समुद्र गाठते. पिंजाळ वैतरणेला मिळते, वाघ नदी दमणगंगेला. पण दोघींची घाई तशीच. दिवाळी झाली की धार बारीक होते, होळीच्या आधी ती तुटते आणि पात्रात उरतात ते सुटे सुटे डोह. नकाशावर निळी रेघ एकच दिसली तरी माशाच्या दृष्टीने इथे दोन नद्या आहेत. चार महिने फेसाळत धावणारी एक, आणि आठ महिने हळूहळू आटत, तापत जाणारी दुसरी. एकाच शरीराने दोन्ही निभावायच्या.

मुळात गोड्या पाण्यात नुसतं जिवंत राहणं हीच माशाला सततची कामगिरी असते. त्याच्या रक्तात क्षार असतात, समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. बाहेरच्या नदीच्या पाण्यात ते जवळपास नाहीतच. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ पडद्यांतून पाणी सारखं आत शिरतं आणि क्षार बाहेर निसटतात. गळक्या होडीतला माणूस जसा न थांबता पाणी उपसत बसतो, तसं या माशाचं मूत्रपिंड काम करतं. शंभर ग्रॅमचा मासा दिवसाला सहज पाच-दहा ग्रॅम पातळ लघवी करतो. साठ किलोच्या माणसाच्या हिशेबात ते तीन ते सहा लिटर झालं. तो पाणी जवळपास पीत नाही. प्यायची गरजच नाही. निसटलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून कणाकणाने परत खेचून घेतात आणि त्याला ऊर्जा लागते. ती ऊर्जा प्राणवायूशिवाय मिळत नाही, आणि डोहात तंगी असते ती नेमकी त्याचीच.

लिटरभर हवेत दोनशे दहा मिलिलिटर प्राणवायू असतो. लिटरभर पाण्यात जेमतेम सहा. कल्ल्यांत रक्त आणि पाणी एकमेकांच्या उलट दिशेने वाहतं, त्यामुळे त्या सहातला बराचसा मासा काढून घेतो. आपली फुप्फुसं हवेतला एवढा मोठा वाटा कधीच काढू शकत नाहीत. पण पाणी तापलं की दुहेरी मार बसतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशाला साडेसात. माशाचं रक्त थंड, म्हणजे त्याच्या शरीराचं तापमान पाण्याइतकंच. दहा अंश वाढले की त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. आवक घटते त्याच वेळी मागणी वाढते.

एप्रिलमधल्या एखाद्या डोहावर उजाडायच्या आत जाऊन बसलं तर हा हिशेब डोळ्यांनी दिसतो. रात्रभर शेवाळ, जिवाणू आणि मासे असे सगळेच प्राणवायू वापरत असतात आणि बनवत कोणीच नसतं. त्यामुळे साठा तळाला जातो तो पहाटे. पृष्ठभागावर शेकडो बारीक तोंडं उघडमीट करताना दिसतात. हवेला लागून असलेला पाण्याचा कागदाइतका पातळ थर तेवढा त्यातल्या त्यात ताजा असतो आणि खवलीसारखे छोटे मासे तोच कल्ल्यांवरून फिरवत असतात. ऊन चढलं, शेवाळाने काम सुरू केलं की तासाभरात तोंडं खाली जातात. लांबून बघणाऱ्याला वाटतं मासे खेळतायत. ते खेळत नसतात, धापा टाकत असतात.

मरळीला मात्र ही कसरत करावी लागत नाही. ती मधूनच वर येते, एक घोट हवा घेते आणि खाली जाते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर रक्तवाहिन्यांनी भरलेला एक कप्पा असतो, तोच तिचं फुप्फुस. वाढलेल्या मरळीला पाण्याखाली जाळीत अडकवून वर येऊ दिलं नाही तर ती बुडून मरते. मासा बुडून मेला हे ऐकायला विनोदी वाटेल, पण खरं आहे. मागूर आणि शिंगी यांचीही अशीच सोय आहे. चिखलातली मुरी तर त्याहून अजब: ती हवा गिळते, ती आतड्याच्या शेवटच्या भागात पोचते, तिथल्या पातळ अस्तरातून प्राणवायू रक्तात जातो आणि उरलेली हवा मागच्या दाराने बाहेर.

हवा घेता आली म्हणून सगळं भागत नाही. प्रथिनं पचली की अमोनिया तयार होतो. तो विषारी, पण माशाला त्याची फिकीर नसते, कारण तो कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडून मोकळं होता येतं. डोह आटून चिखल उरला की सोडायचा कुठे? १९८७ साली शिलाँगच्या ईशान्य पर्वतीय विद्यापीठातल्या निर्मलेंदू साहा आणि बी. के. रथ यांनी शिंगी माशावर काम करून दाखवलं की हा मासा अमोनियाचं युरियात रूपांतर करू शकतो, जे आपलं यकृत रोज करतं आणि बहुतेक हाडांचे मासे करत नाहीत. युरिया बराच सौम्य. तो अंगात साठवून वेळ काढता येतो. शिंगी चिखलात तग धरते त्यामागे हे रसायन आहे.

डोंगरओढ्यात मरळीचा एक छोटा भाऊबंद असतो, वीतभर लांबीचा, पंखांना निळी-नारिंगी कड असलेला. त्याची वेगळीच तऱ्हा. मादीने अंडी घातली की नर ती तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळतो. तेवढे दिवस त्याचा उपास. ओढ्याला रात्रीत लोंढा येतो आणि दुपारी ओसरतो, अशा ठिकाणी तळाला चिकटवलेल्या अंड्यांची खात्री कोण देणार? बापाचं तोंड मात्र कुठेही हलवता येतं.

ही झाली आटत्या नदीची तयारी. धावत्या नदीसाठी बघावा तो मळ्या. आज शास्त्रात गारा मुल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माशाची नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांत केली आणि नाव मराठीच ठेवलं. वरून बघाल तर शेवाळी-तपकिरी, बोटभर ते वीतभर, नजरेत न भरणारा. हातात घेऊन उलटा करा. पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला, आणि हनुवटीवर एक गोल मांसल चकती. चकतीचा मध्य गुळगुळीत, कडेला बारीक खरबरीत दाणे. ती चकती खडकावर टेकवून मळ्या तिथेच चिकटून राहतो. पुढचे पंख तो खालीवर न ठेवता आडवे पसरतो, त्यामुळे वरून जाणारा प्रवाह त्याला उचलण्याऐवजी खडकावर दाबून धरतो. पाणी जेवढं जोरात, तेवढी पकड घट्ट. इतर माशांना तरंगत ठेवणारी हवेची पिशवी याच्यात आखडलेली असते, कारण तरंगणं याला परवडणारं नाही. चिकटल्या जागी तो शेवाळ खरवडून खातो. जोर थोडा ओसरला की एक झेप, पुन्हा चिकटणं, पुन्हा झेप. ओल्या कातळावरून मळे असेच वर सरकतात.

लोंढ्यातल्या माशांच्या या अवयवांचा सखोल अभ्यास सुंदरलाल होरा यांनी केला. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक झालेल्या होरांचा या विषयावरचा मोठा प्रबंध १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. १९३८ साली होरा आणि मिश्रा यांनी देवळालीचे मासे अभ्यासले आणि तिथून एक नवी डोंगरी जात नोंदवली. देवळाली म्हणजे मोखाड्याहून घाट चढला की पलीकडचं. घाटाखालच्या ओढ्यांना असा भाग्ययोग फारसा लाभला नाही. इथल्या माशांचं ज्ञान आहे ते पाग टाकणाऱ्यांकडे, आणि ते कोणी लिहून घेत नाही.

आता वलगणीकडे येऊ. मासे वर का चढतात? अंडी घालायला, हे खरं, पण त्याची तयारी पावसाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. फेब्रुवारीपासून दिवस मोठा होतो, पाणी तापतं, त्याची खबर मेंदूला लागते आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी अंडी पिकवायला लागते. मे अखेर मादी तयार असते, पण थांबलेली. शेवटचा इशारा पाऊस देतो: पाणी एकाएकी गार होतं, क्षार विरळ होतात, गढूळपणा आणि ओढ वाढते. हा इशारा मिळाला नाही तर अंडी तशीच जिरून जातात. म्हणूनच तळ्यात रोहू-कटला कितीही वाढवले तरी ते अंडी घालत नसत. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प मासे प्रथमच तळ्यात अंडी घालायला लावले. तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. देशातल्या तळ्यांमधली मत्स्यशेती उभी आहे ती पहिल्या पुराची अशी नक्कल करून.

जव्हारच्या ओढ्याला नक्कल नको, त्याच्याकडे अस्सल पूर आहे. हव्यात त्या उथळ, उबदार, निवांत जागा. नदीच्या लोंढ्यात अंडी वाहून जातील. वर खाचरात मात्र वीतभर पाणी, कुजलेलं गवत, त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव आणि मोठे शत्रू जवळपास नाहीत. अनेक जातींची अंडी तिथे दिवसभरातच फुटतात. भात पोटरीवर येईपर्यंत पिल्लं वाढतात आणि उतरत्या पाण्याबरोबर ओढ्यात, तिथून डोहात जातात. वर्षाचं चक्र ते एवढंच: डोह, ओढा, खाचर आणि परत डोह. यातली एक कडी तुटली की बाकीच्या शाबूत असून उपयोग नाही. माझ्या मते आटणारा डोह किंवा तापलेलं पाणी या माशांचा खरा वैरी नाही. त्यांच्या शरीराने त्याचा बंदोबस्त फार पूर्वी करून ठेवलाय. ज्याचा बंदोबस्त कुठल्याही कल्ल्यात किंवा पंखात नाही, तो म्हणजे सिमेंटचा उभा कट्टा.

थोडं गणित करू. मासा जीव तोडून पोहला तर काही क्षण स्वतःच्या लांबीच्या दहा ते वीस पट अंतर सेकंदाला कापतो. हे काम पांढऱ्या स्नायूंचं. ते प्राणवायूवाचून चालतात आणि लगेच थकतात. दिवसभर पोहण्याचा लाल स्नायू अंगाच्या कडेला पट्टीएवढाच असतो. दहा सेंटीमीटरची खवली, म्हणजे सेकंदाला एक ते दोन मीटर. या वेगाने पाण्याबाहेर सुटलेली वस्तू किती उंच जाईल? पाच ते वीस सेंटीमीटर. बस. तेही पायथ्याशी धाव घ्यायला पुरेसं खोल पाणी असेल तर. सिमेंट बंधाऱ्याच्या पायथ्याशी असतो सपाट काँक्रीटचा ओटा आणि त्यावर बोटभर पाणी. एक मीटरचा बंधारा या माशासाठी सह्याद्रीचा कडाच झाला. रस्त्याखाली टाकलेल्या नळाच्या मोऱ्यांचंही तेच. आतून गुळगुळीत, पाण्याला वेग, टेकायला एक दगड नाही, आणि खालच्या तोंडाशी धप्पकन पडणारी धार.

बंधाऱ्यांना सरसकट शिव्या घालायचा माझा हेतू नाही. ज्या गावात बायका एप्रिलमध्ये झऱ्यावर वाटी-वाटीने हंडा भरतात, तिथे पाणी अडवू नका असं सांगायला तोंड उघडू नये. पण सगळे बंधारे सारखे नसतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पाऊस संपताना गावकरी घालतात तो वनराई बंधारा पुढच्या पुरात वाहून जातो. माशांची वाट जूनमध्ये आपोआप मोकळी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यात काढतात. निदान काढायच्या असतात. खालचा उंबरा बुटका असेल तर मासे त्यातूनही जातात. कायमचा अडसर होतो तो सिमेंट नाला बंधारा, आणि जलयुक्त शिवारनंतर भर पडली ती याच प्रकाराची. यातल्या एकाही बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात माशाचा रकाना नसतो. पाणी किती अडलं एवढंच मोजलं जातं.

मोठ्या धरणांची गोष्ट थोडक्यात, कारण ती मुंबईकरांना रोज नळातून भेटते. वैतरणेवर एकाखाली एक तीन धरणं आहेत: अप्पर वैतरणा, २०१४ पासून मोखाडा-शहापूरच्या शिवेवरचं १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा आणि त्याखाली १९५७ चं मोडक सागर. कोकणातल्या नद्यांत अहिर मासा समुद्रातून येतो. त्याची काडीएवढी पिल्लं ओल्या खडकाला अंग घासत धबधबेही चढतात आणि खारं पाणी सोडून गोड्यात येताना आपल्या कल्ल्यांचं कामच उलटं फिरवतात. शंभर मीटरच्या भिंतीपुढे त्या करामतीचा काय उपयोग? आता दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पात जव्हार तालुक्यातल्या वाघ नदीवर खारगीहिल धरण प्रस्तावित आहे, शिवाय पिंजाळवरचं वेगळं. त्यात कोणती गावं बुडतील यावर बोललं जातं, आणि ते आधी बोललं जावं हेच योग्य. पण नदीच्या दोन टोकांमधली ये-जा बुडणार, हेही नुकसानीच्या यादीत लिहायला हवं.

माणसाच्या हावेचंही बोलायला हवं. गेळाची फळं किंवा रामेठ्याची साल ठेचून डोहात टाकली की मासे उलटे तरंगतात. त्यातली द्रव्यं कल्ल्यांचे नाजूक पडदे निकामी करतात, खाणाऱ्याला सहसा काही होत नाही. ही पद्धत जुनी आहे म्हणून तिचं कौतुक करणारे लेख मी वाचलेत. मला ते पटत नाही. उन्हाळ्यातला डोह म्हणजे पूर्ण ओढ्याचं बियाणं. ते उपटून खाणं जुन्या काळीही शहाणपणाचं नव्हतं. आज तिथे कीटकनाशक आणि ब्लीचिंग पावडर आली आहे, कुठे कुठे जिलेटीनही. पाण्यात स्फोट करून किंवा विष घालून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षांत तिची धास्ती घेतलेला मला कोणी भेटलेला नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै प्रजननाचा काळ म्हणून समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. तोच जून, तेच कारण, पण डोंगरातल्या ओढ्यावर लक्ष द्यायला कोणी नाही.

म्हणून वलगणीवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. पाटीभर मासे धरणाऱ्या बाईमुळे मासे संपत नाहीत. ओढ्याच्या तोंडाशी काठापासून काठापर्यंत बारीक जाळं लावणाऱ्यामुळे संपतात. आणि हे मासे इथे चैनीचा पदार्थ नाहीत. बोटभर मासा डोक्यासकट, काट्यासकट खाल्ला जातो. त्यातून कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्व अ मिळतं. कुपोषणाच्या यादीत ज्या तालुक्यांची नावं वर्षानुवर्षं आहेत, तिथे फुकट मिळणारं हे अन्न आहे. तळ्यांत तिलापिया सोडून ते भरून निघेल असं सांगणारे भेटतात. तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला; तो कुठल्याही साचलेल्या पाण्यात वाढतो आणि स्थानिक माशांची जागा बळकावतो. आफ्रिकन मागुराचा त्याहून वाईट अनुभव घेऊन केंद्राने २००० साली त्यावर बंदीच घातली.

करण्यासारखं जे आहे ते स्वस्त आहे. बंधाऱ्याच्या एका कडेला काठाशी दगडांचा उतार रचायचा, वीस फुटांत एक फूट चढेल असा, दगड मुद्दाम ओबडधोबड, म्हणजे त्यांच्या आडोशाला मासा दम खाईल. मोरीचा नळ पात्राच्या तळापेक्षा थोडा खाली बसवायचा, म्हणजे त्यात गोटे-वाळू साचते आणि खाली धार पडत नाही. गावाने एक डोह उन्हाळ्यात राखायचा. वलगणीत ओढ्याचा अर्धा पट्टा जाळ्याविना मोकळा ठेवायचा.

यासाठी मंत्रालयात जायचीही गरज नाही. जव्हार आणि मोखाडा दोन्ही अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडे दिलंय आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ पासून लागू आहेत. रोजगार हमीच्या पुढच्या वर्षाच्या कामांचे आराखडे ग्रामसभांपुढे येतात. तुमच्या गावच्या यादीत सिमेंट बंधारा असेल, तर त्याच्यापुढे ‘दगडी उतारासह’ एवढे दोन शब्द लिहून घ्या, आणि ते इतिवृत्तात आलेत का हे सही करण्याआधी वाचून बघा.